प्लास्टिकच्या रुग्णाचे दात

त्या प्लास्टिकच्या रुग्णाचे पुढचे दोन दात पडले होते, गाल घासून काळवंडले होते. माझी भाची मीनल नर्स आहे. भूल देण्याचं शिक्षण कुठे घ्यावं हे ठरवायला आम्ही दोन कॉलेजांच्या सिम्युलेशन लॅब, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायच्या खोल्या, पाहिल्या. सल्लागार अर्थातच मी. पहिल्या कॉलेजातला पुतळा कव्हरासकट लखलखत होता. रिमोटवरचं प्लास्टिकही न काढणारा मी म्हणालो, "बघ, किती जपलंय. इथलाच फॉर्म भर." आणि दुसऱ्या कॉलेजातल्या या दात पडलेल्या पुतळ्याकडे पाहून तिथल्या मॅडमसमोरच बोललो, "याला कवळी तरी बसवा हो."

मॅडम हसल्या नाहीत. मीनल हळूच म्हणाली, "मामा, श्वासाची नळी घालायला शिकताना मुलींच्या हातून पडलेत ते. इथे पडले, म्हणून माणसांचे वाचले. तिकडच्या पुतळ्याला कुणी हातच लावलेला नाही."

जपणं म्हणजे हात न लावणं, असंच मी आजवर समजत आलो. मग तिकडे शिकलेले हात पहिली चूक कुणावर करणार, हे डोक्यातच आलं नव्हतं. मीनल या दुसऱ्या कॉलेजातच फॉर्म भरत बसली. मी मान खाली घालून उभा होतो आणि माझी जीभ गुपचूप माझेच दात चाचपत होती.