तोरणमाळावरचा इंग्रज उमराव

आमच्या शाळेत इंग्लंडचा किल्ला तोरणमाळावर होता आणि फ्रान्सची हद्द गोमाई नदीपासून सुरू होत असे. हा भूगोल उमराव मास्तरांचा. मध्ययुगातील एका इंग्रज उमरावाचे, चाळीस वर्षे फौजा चालवणाऱ्या सेनापतीचे, चरित्र ते सातवीला शिकवीत. क्रमिक पुस्तकात त्याच्यावर चार ओळी होत्या. मास्तरांनी जाड वही भरली होती. मुलांनी इंग्लंड पाहिले नव्हते, म्हणून त्यातली सगळी ठिकाणे मास्तरांनी इथली केली. उमराव हे नावही त्यांना त्यावरूनच पडले.

म्हसावदपासून दोन कोसांवरच्या त्या शाळेत मी पाचवी शिकवीत असे. हे गृहस्थ मला पहिल्यापासून खटकले. ते नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. डिंक, चारोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या माणसांना थांबवून विचारीत, "चढायला किती वेळ? ओझ्यासह किती? वाटेत पाणी कुठे?" ती चळवळीची वर्षे होती. कोणी त्यांना सरकारचा कान म्हणे, कोणी भूमिगतांचा हात. मी दोन्ही शक्यता धरून चालत असे. त्यांच्यासमोर वर्तमानपत्रही उघडीत नसे.

एकदा मी सरळ विचारले. ते म्हणाले, "फौजेला वर जायला किती वेळ लागेल ते काढतो आहे. मुलांना अंदाजाने कसे सांगू?" मला ते पटले नाही.

आमच्या दोघांच्या वर्गांच्या मध्ये कुडाची भिंत होती. चार वर्षे मी तो उमराव ऐकला. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, हाऊ सरदार आपला शे का त्यास्ना?"

"त्यास्ना शे रे. पन भूक लागनी म्हणजे त्याले बी भाकरच लागस."

वर्ग हसला. मास्तर हसले नसावेत, लगेच गंभीर आवाज आला, "वेढ्यात बाहेरचा शत्रू दिसतो. पंचाईत आतल्यांची."

बेचाळीसच्या हिवाळ्यात फौजदार शाळेत आले. कोणा मुलाने मास्तरांच्या वहीतून उतरवून घेतलेले पान त्यांना बाजारात सापडले होते. 'धान्य म्हसावदहून रवाना. वीस माणसे पहाटे तोरणमाळ चढतील.' एवढाच मजकूर. फौजदारांनी मला बोलावले.

"तुम्ही शेजारच्या वर्गात असता. हा धडा आहे की निरोप?"

उमराव मास्तर समोरच उभे होते. त्या दिवशी प्रथमच त्यांची पाठ दाराकडे होती. तो धडा मी भिंतीआडून तीनदा ऐकला होता.

मी म्हणालो, "मला खात्री देता येणार नाही."

त्यांना धुळ्याला नेले, वही जप्त झाली. महिन्याने सोडले, नोकरी मात्र गेली. ते ट्रंक न्यायला आले, तेव्हा बैलगाडीत बसता बसता मला म्हणाले, "शेवटचा धडा राहिला आहे. वही परत आली की तेवढा घ्या, मास्तर." आवाजात राग नव्हता. मी तोही तपासून पाहिला. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडी तालुक्याहून वही परत आली. सातवी तोवर माझ्याकडे दिली होती. शेवटचा धडा अडीच पानांचा होता. पराभवानंतर उमराव एकटा आपल्याच किल्ल्याच्या दाराशी येतो. शत्रू मागे असतो. पहारेकरी त्याचा आवाज ओळखतो. पण खात्री नाही म्हणून अडसर काढीत नाही. धडा तिथेच संपत होता.

दुसऱ्या दिवशी मी तो वर्गात वाचून दाखवला. मुलांनी विचारले, "गुरुजी, सरदारनं पुढे काय व्हयनं?"

मी म्हणालो, "वहीत नाही."