जाऊबाईंचे पोट आणि माझे लाडू

तुपात डिंक फुलू लागला, की त्याच्या उष्ण दरवळाने इतरांना बाळंतिणी आठवतात; मला धानोऱ्याच्या माझ्या थोरल्या जाऊबाई आठवतात. स्वतःच्या पोटाशी इतका रोखठोक व्यवहार करणारी बाई तापीकाठी दुसरी झाली नसेल. जमिनीवरून उठताना गुडघे कुरकुरले, तेव्हा त्यांनी वजन उतरवायचे ठरवले आणि दोन वर्षे पहाटेच्या दवात उसाच्या बांधावरून अशा चालल्या, की पाटाचे पाणी मागे पडावे. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टीवरचे तूप त्या ताटावर हात आडवा धरून नाकारत. वेचणीचा कापूस मोजायच्या काट्यावर त्या स्वतः चढत आणि आकडा थोरल्या भाऊजींना मोठ्याने वाचायला लावत. वजन गेले, पण ओटीपोटावरची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत राहिली आणि उन्हाळ्यात तिच्या घडीखाली चट्टे उठू लागले. मग त्यांनी सुरतेला जाऊन ती कापून घेतली. शुद्धीवर येताच विचारले, "वजन कितलं उतरनं?" हे ऑपरेशन वजनासाठी नसते, सैल कातडी काढून पोटाचे स्नायू घट्ट शिवायचे एवढेच, असे डॉक्टरांनी समजावले. तेव्हापासून त्या भेटेल त्याला ऐकवत, "वजन मी उतारं. डॉक्टरनी निस्ती पिशवी कापी!"

विश्रांतीसाठी त्या नंदुरबारला माझ्याकडे राहिल्या. पोटावर टाके, कमरेला पट्टा, चालणे वाकून. गावच्या बायकांनी याचा एकच अर्थ लावला आणि बाळंतिणीला आणावेत तसे डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन त्या येऊ लागल्या. नाही म्हणावे तर त्यांचा अपमान, खावे तर बांधावरची सारी तपश्चर्या मातीत. जाऊबाईंनी तोड काढली. "मन्हा नावना तू खाय व, मास्तरीन." मीही आज्ञाधारकपणे खाल्ले. बाहेर मिरच्या वाळत घालायचा मोसम होता. वारा तिकडून आला, की त्या पोटाशी उशी आवळून शिंकत आणि मी तोंडातला लाडू सांभाळत त्यांची पाठ चोळत असे. महाविद्यालयात मी सिंहकटी नायिकांच्या कविता शिकवते. माझी स्वतःची कंबर मात्र केव्हाच उपमेच्या पलीकडे गेलेली. पण मला चिंता नव्हती. त्यांच्या ऑपरेशनवर माझाही डोळा होता. बांध नको, पथ्य नको, एकदा भूल घ्यावी आणि वेलीसारखे जागे व्हावे, हे माझे गुप्त स्वप्न प्रत्येक लाडवागणिक अधिक गोड होत होते.

टाके दाखवायला आम्ही सुरतेला गेलो, तेव्हा मी ते स्वप्न डॉक्टरांपुढे मांडले. त्यांनी माझे पोट दाबून पाहिले आणि मृदू आवाजात म्हणाले, "आधी वजन उतरवा, ते काही महिने टिकवा. मग गरज उरली तर या. हा वजन कमी करायचा रस्ता नाही." जाऊबाई दोन्ही हातांनी टाके धरून हसल्या. "हाऊ रस्ता बांधवरथीन जास व, मास्तरीन!"

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि पदर पोटावरून पुन्हा पुन्हा ओढत राहिले. इतकी वर्षे स्वतःवर विनोद करत आले, कारण दुसऱ्याने करण्याआधी आपण केला की कमी बोचतो. त्या संध्याकाळी एकही सुचला नाही. शेवटी बाहेरच्या अंधारत्या शेतांकडे पाहत मी विचारले, "ताई, मी फार वाईट दिसते का हो?"

जाऊबाईंना खोटे बोलणे कधीच जमले नाही, म्हणून विचारताच मला भीती वाटली. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. सावकाश पाहिले. पोटावर घट्ट धरलेला पदर माझ्या मुठीतून सोडवला, नीट खांद्यावर टाकला, आणि म्हणाल्या,

"देखनी."