सहावा दात

ऐंशीच्या दशकात, पांढुर्ण्याच्या आमच्या घरी, पन्नाशीतले बाबा दातांनी ऊस सोलायचे. त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान माय मात्र भाकर वरणात कुस्करून खायची. बायांचे दात लवकरच जातात, असं सगळे म्हणायचे. नशीबच तसं म्हणे! नशीब कशाचं? बाळंतिणीला सव्वा महिना दात घासू द्यायचे नाहीत, हिरड्या ढिल्या होतात म्हणून. वरून रोज गुळाचे लाडू. मायची सगळी बाळंतपणं सौसरला माहेरी झाली, आणि प्रत्येक बाळंतपणामागे तिचा एक दात किडून गेला.

शाळेत असताना एकदा उन्हात बसून मी तिच्या तोंडातल्या रिकाम्या जागा मोजल्या. एकेका जागेवर बोट ठेवून ती सांगत होती, हा तुझ्या वेळचा, हा तुझ्या भावाच्या वेळचा. आम्ही पाच भावंडं. जागा सहा निघाल्या.

"माय, हा कोणाच्या वेळचा वं?"

"तुझ्या आधीच्या. तो रडलाच नाही बाई," ती म्हणाली, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

त्यानंतर माय कधी हसली, की मला आम्ही सहा जण दिसायचो.