कांतीचा सकाळचा खेळ

कांती गेल्याची तार धुळ्याला माझ्या शाळेच्या पत्त्यावर आली, तेव्हा मी वर्गात मुलांवर ओरडत होतो. तार वाचली आणि ओरडायचंच विसरलो... पस्तिशीतला धडधाकट माणूस, जळगावची डाळमिल एकहाती सांभाळणारा, असा न सांगता जातो? मला त्याचा रागच आला. अजून तो पुरता गेलेला नाही.

लोक त्याला हसरा म्हणून ओळखत. मला मात्र तो आठवतो हसू दाबून मेटाकुटीला आलेला. आम्ही कॉलेजात होतो, साठ सालानंतरची ती वर्षं. त्याचे आजोबा वारले. मारवाडी घर, बारा दिवस दुखवट्याची बैठक, नातवांची डोकी भादरलेली, हसणं-खिदळणं बंद. कांती आजोबांच्या ताटात जेवून वाढलेला, आणि तोच रडेना. पोटात अन्न नाही, तोंडात शब्द नाही, डोळे कोरडे ठक्क. पोरगं दगड आहे, असं बायका कुजबुजू लागल्या. त्यात त्याच्या बहिणीची, विमलची, सोयरीक पारोळ्याच्या एका व्यापाऱ्याकडे ठरत आलेली. ज्या घरात आजोबांसाठी टिपूस गळत नाही, तिथली मुलगी कोण करून घेईल, या धास्तीने कांतीच्या वडिलांची, नानांची, झोप उडाली होती.

रविवारी मी त्याला मोकळ्या हवेच्या नावाखाली बाहेर काढलं आणि थेट इंग्रजी सिनेमाच्या सकाळच्या खेळाला नेऊन बसवलं. अक्कल म्हणतात ती ही! इंग्रजी खेळाला आपल्यातलं कोण मरायला येतंय, एवढाच माझा विचार. चित्र अमेरिकेतलं, सिनेमा नुकता बोलायला लागला होता तेव्हाचं. आवाज खरखरायचा, बोलणं ओठांच्या मागून यायचं. एका ढेरपोट्या बँक मॅनेजरच्या विजारीचं बटण तुटतं आणि एक शिंपी ते त्याच्या नकळत शिवायला शहरभर त्याच्या मागे धावतो, एवढीच गोष्ट. भाषा कळायची गरजच नव्हती.

कांतीचे खांदे हलू लागले. त्याने डोक्यावरची टोपी काढून तोंडात कोंबली. त्याचं गुळगुळीत डोकं पडद्याच्या उजेडात चमकलं आणि पलीकडच्या खुर्चीतला फेटा आमच्याकडे वळला. पारोळ्याचे आबा! विमलचे होणारे सासरे. उठावं तर सगळ्यांच्या नजरेत येणार, बसावं तर हे असं... मी कांतीचा हात करकचून दाबला. पण त्याला आता आवरत नव्हतं. हसू फुटलं, आणि फुटता फुटता त्याचा सूर बदलला. 'दादाजी, दादाजी' म्हणत तो हुंदके देत होता. अख्खं थिएटर हसत होतं आणि हा ओक्साबोक्शी रडत होता. आबा एकटक बघत होते. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

दुपारी ते बैठकीला आले. मी दाराशी बसलो होतो, पळता यावं म्हणून. आबा नानांजवळ टेकले. नानाच कसेबसे म्हणाले, "आबा, पोराचं मनावर घेऊ नका..."

दुकानात शेतकऱ्यांशी बोलून बोलून अहिराणी हीच आबांची भाषा झाली होती. ते म्हणाले, "नाना, तुमना पोऱ्या दगड नई शे. सकायले मना बाजूले बशीसन रडना."

"रडला? कुठं?" नानांनी चमकून विचारलं.

कांतीने मान खाली घातली. आबा सावकाश घोटभर पाणी प्याले.

"मी सांगं ना तुमले. मना बाजूले."

पुढचं विचारायचं सोडून, कांतीला जवळ घेऊन नानाच रडायला लागले. बैठकीला यायच्या आधी आपण कुठे वेळ काढत होतो, हे आबांनाही सांगायचं नव्हतंच म्हणा! विमल वर्षभरात त्यांची सून झाली.

मागच्या महिन्यात कांतीच्याच बैठकीला गेलो. निघताना विमल दारापर्यंत आली. "मास्तर, आबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि भाऊ नुसता हसायचा. त्या दिवशी भाऊ रडला तरी कुठे?"

आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी हळूच सांगितलं.

"सिनेमात?" तिचे डोळे विस्फारले. "आणि आबासुद्धा?"

तिने भावासारखाच पदर तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकून गदगदू लागली. आतून बायका धावत आल्या.

"रडू द्या तिला," त्यांतली एक मला म्हणाली, "सकाळपासून दाबून धरलं होतं बिचारीनं."

मी हो म्हणालो.