पाकळी की तुकडा

त्या माणसाचा राग मला अजून येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. कोरगावच्या एका काजू कारखान्यात मी पत्रव्यवहार सांभाळायचो आणि आमच्या शेटचा मेव्हणा काजूगर वाळवायची भट्टी बघायचा. म्हणजे खुर्ची टाकून नुसता बघायचा. जाळ किती ठेवावा हे त्याला कधी कळलं नाही आणि विचारायची त्याला लाज वाटायची.

माझी थोरली बहीण तिथेच बिया फोडायला होती. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि या कामाला लागली. बियांच्या तेलाने तिची बोटं कायमची काळी पडली होती.

ते दिवस गोव्यात कोकणी की मराठी या भांडणाचे होते. बाहेर रस्त्यावर झाडं आडवी पडत होती, बस बंद होत्या आणि आत आम्ही स्पॅनिशवरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होतो. मी पोर्तुगीज शाळेत शिकलेला. त्या जोरावर आणि शब्दकोशाच्या आधाराने स्पेनच्या गिऱ्हाइकाची पत्रं मी वाचायचो. या खेपेला तक्रार होती की अख्खे म्हणून पाठवलेल्या डब्यांत निम्मा माल ‘पार्तिदो’ निघाला. शेट भडकला. ज्याची चूक असेल त्याला काढणार आणि तसं गिऱ्हाइकाला कळवणार, असं त्याने जाहीर केलं.

“पार्तिदो म्हणजे तुकडे,” मेव्हणा लगेच म्हणाला. “बायलो कशेय हात मारतत.”

त्या खेपेचा बराचसा माल माझ्या बहिणीने फोडलेला होता. माझं डोकंच फिरलं. अहो, काजूगर उभा दुभंगला तर पाकळी, वेडावाकडा फुटला तर तुकडा, हे आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेलं पोरही सांगेल. फोडणारणीचा हात चुकला की तुकडा होतो. गर भट्टीत जास्त वाळून ठिसूळ झाला की सोलताना त्याच्या पाकळ्या होतात. स्पॅनिशमध्येही दुभंगलेल्याला ‘पार्तिदो’, तुकडे झालेल्याला ‘केब्रादो’ आणि ‘रोतो’ म्हणजे सरसकट मोडकं, फाटकं, काहीही. गिऱ्हाइकाने नेमका शब्द वापरला होता. पण मेव्हण्याने माझाच शब्दकोश ओढून घेतला आणि इंग्रजी ‘ब्रोकन’पुढे तिन्ही शब्द एकाच ओळीत असलेले दाखवले.

“सगळा एकच! उगाच शाणपण नको!”

मी गोदामातून त्याच खेपेचा मागे उरलेला एक डबा आणला आणि शेटच्या टेबलावर उपडा केला. अख्ख्या गरांत निम्म्या पाकळ्या, तुकडा औषधालाही नाही. मेव्हण्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. जिरली याची, असं मी मनात म्हटलं आणि मला फार बरं वाटलं.

शेटने एक पाकळी तोंडात टाकली, मेव्हण्याला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

“माका म्हायत आसा पाकळी म्हणजे काय ता,” तो म्हणाला. “पण बायलेच्या भावाक काढून मी घराक खंयच्या तोंडान जाव? तुज्या भयणीक काढतंय. पत्रात ‘रोतो’ लिही नी मोकळो हो.”

मी लिहिलं नाही. शब्दकोश टेबलावर आपटला, तोंडाला येईल ते बोललो आणि नोकरी सोडून तडक घरी आलो.

बहीण चुलीपुढे बांगडे भाजत होती. तिला सगळं सांगितलं, डबा कसा उपडा केला ते तर दोनदा सांगितलं. तिच्यासाठी एवढं भांडलो, म्हणजे ती डोळ्यांत पाणी आणून बघेल असं मला वाटत होतं. ती चिमटा हातात घेऊन उभी राहिली.

“तुका कोणी सांगलेला? माजा काम गेला ता गेला, तुजा तरी रवला असता. आता दोगांय बसान खावया तुजा स्पॅनिश!”

ती खरं तेच बोलत होती, म्हणून मला तिचाही राग आला.