जनुकांचे व्हॉल्व्ह आणि पाचोडची पिशवी

मला बघायला पाहुणे येणार असले की आमच्या घरात पोह्यांच्या आधी धाकट्या भावाची पिशवी भरली जायची. त्याला कानात आवाज ऐकू येत. गोळ्यांनी ते बरेच आटोक्यात होते, तरी पाहुण्यांच्या नजरेस तो पडू नये म्हणून आई त्याला पाचोडला मावशीकडं धाडायची. तो मुकाट जायचा. माझं मात्र डोकं फिरायचं.

त्या वर्षी गावोगाव टँकर चालू होते. कन्नड गावचे पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच मावशीचा फोन आला, "पाण्याचे लई हाल हायेत बाई. त्याला नको धाडू औंदा." आईचं तोंड उतरलं. मला, खरं सांगते, आनंद झाला. भरलेली पिशवी मी आत सरकवली आणि भावाला बैठकीत माझ्या शेजारी बसवलं.

मुलाच्या आईनं भावाचे थरथरणारे हात पाहिले. "तब्येत बरी नाय का?"

"त्याला स्किझोफ्रेनिया आहे, काकू. औषधं चालू आहेत," मी म्हणाले. माझ्या वडिलांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"मंग हे रक्तातलं हाय का?" काकूंनी विचारलं.

विद्यापीठात मी याच प्रश्नावर पीएचडी करत होते. आता मी थांबते होय! म्हटलं, "पोटात बाळाचा मेंदू घडतो ना, तेव्हा कुठलं जनुक कधी चालू करायचं, कधी बंद, हे काही प्रथिनं ठरवतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आमच्या या नव्या कॉलनीत व्हॉल्व्ह फिरवून एकेका गल्लीला पाणी सोडतात, तसं. त्यात कुठं कमीजास्त झालं तर पुढं आजाराची शक्यता वाढते. एकच एक कारण नसतं. घरात एकाला असलं तर दुसऱ्याला थोडा धोका असतो, हे खरं. पण हे कुणाच्या पापामुळं होत नाही. ग्रहणात भाजी चिरल्यामुळं तर नाहीच नाही."

शेवटचं वाक्य काकूंसाठी नव्हतं. चहाचा ट्रे घेऊन आई दारात थबकली होती. भाऊ पोटात असताना तिनं ग्रहणात भाजी चिरली होती, आणि त्याच्या आजारपणाचं खापर ती इतकी वर्षं स्वतःवरच फोडत आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसत आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

कन्नडहून निरोप आला, "पोरगी चांगलीय, पण लई बोलती." मी पोट धरून हसले. वडील नाही हसले.

पुढच्या महिन्यात दुसरं स्थळ आलं. भावानं सवयीनं स्वतःच पिशवी भरली, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभा राहिला. आईनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. एकेक कपडा परत कपाटात लावला, इस्त्रीचा शर्ट तेवढा बाहेर ठेवला.

"हा घाल," ती म्हणाली. "पाहुणे यायलेत आपल्याकडं."