शिक्का जोरात मारा

"जोरात मारा, बाई. शिक्क्याचा आवाज आला पाहिजे."

दर शनिवारी सकाळी चार पुस्तकं टेबलावर ठेवून ते हेच म्हणायचे. वाचनालयाच्या बाई चष्म्यावरून एकदा पाहायच्या आणि शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का असा हाणायच्या, की पेपर वाचणारे दचकायचे. मग टोपी उचलून ते आभार मानायचे, "डांके."

स्टुटगार्टच्या चढावरच्या वस्तीत हे छोटं वाचनालय होतं. पीएच.डी. करणारी आम्ही मराठी मुलं आपसांत त्या टोपीवाल्यांना मेजर म्हणायचो. मेजर ते कधीच नव्हते. अमेरिकन सैन्याचे ट्रक दुरुस्त करायला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि राहिले. सत्तरी उलटली तरी बुटांना पॉलिश असं, की तुम्ही त्यात भांग पाडून घ्यावा.

इंग्रजी कपाटातली एक फळी कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांची होती. गुलामीतून पळालेल्यांच्या आत्मकथा, कवयित्री, वकील, मोर्चे काढणारे पाद्री. त्रेचाळीस पुस्तकं. स्वतः कृष्णवर्णीय असलेले मेजर फक्त तीच न्यायचे.

"हे मागच्या वर्षी नेलं होतंत ना?" मी एकदा विचारलं.

"त्याच्या आदल्या वर्षीही. पाठ आहे मला."

"मग?"

त्यांनी चिठ्ठी दाखवली. सगळे शिक्के त्यांच्याच शनिवारांचे. तीन वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक रद्दीत, असा तिथला नियम होता.

मी भडकले. मी वाढलेच पत्रकांवर. आमच्या घरी ताटाखालीसुद्धा बाबांच्या चळवळीचं पत्रक असायचं. "हा अन्याय आहे! मी आजच पत्रक लिहिते."

"लिही, कॉम्रेड. पण पत्रकाने पुस्तक फळीवर राहत नाही. शिक्क्याने राहतं." मग म्हणाले, "माझी पणजी अक्षर शिकताना सापडली असती, तर फटके बसले असते. तिच्या पणतूने हे रद्दीत जाऊ द्यायचं?"

माझ्या पणजीलाही शाळेच्या पायरीवरून हाकललं होतं. मी ते सांगितलं. त्यांनी चारांतली दोन पुस्तकं माझ्या हातात ठेवली.

"मग निम्मं ओझं तुझं."

दोन वर्षं आम्ही तो डोंगर वाहिला. दर शनिवारी त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "वाचलंस, की नुसता शिक्का?"

"नुसता शिक्का," एकदा मी कबूल केलं. "प्रयोगशाळेत फार काम होतं हो."

"त्या लेखिकेने चुलीपुढे बसून एवढं पुस्तक लिहिलं, आणि तुला ट्राममध्ये दहा मिनिटं नाहीत?"

त्या दिवसापासून मी ट्राममध्ये खिडकीबाहेर पाहिलेलं नाही.

मी सुट्टीवर पुण्यात असताना मेजर गेले. मैत्रिणीने फोनवर सांगितलं. परतल्यावर पहिल्याच शनिवारी मी वाचनालय गाठलं. फळी रिकामी होती. एकही पुस्तक नाही.

माणूस जाऊन महिना झाला नाही, आणि यांनी साफसफाई केली! तिथेच बसून मी पानभर पत्रक लिहिलं आणि बाईंपुढे उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. 'रद्दीवाल्यांचं वाचनालय' हे शब्द त्यात दोनदा होते.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आल्झो... तर," त्या म्हणाल्या, "रद्दीत एकही नाही. सगळी वाचकांकडे आहेत."

मेजरांच्या पत्नीने दफनाच्या वेळी सांगितलं होतं: फुलं नकोत, त्यांच्या फळीवरचं एक-एक पुस्तक न्या. न्हाव्याने नेलं. चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांनी नेली. जुन्या मेकॅनिकांनी तर भांडून नेली.

"माझा हात आठवडाभर दुखत होता," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना आवाज ऐकायचा होता."

मी पत्रक उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर माझं नाव लिहून बाईंना दिलं.

"कोणतं पुस्तक राखून ठेवू?"

"जे आधी परत येईल ते."